डाव्या कानातली शिट्टी : गोव्यातल्या दौऱ्यातलं एक प्रकरण

फोंडा तालुक्यातून मी गेली बावीस वर्षं लाइव्ह कार्यक्रमांच्या साउंडचं काम करतो आहे. खाली लिहिलंय ते माझ्याच युनिटमध्ये घडलं. माणसांची, देवळांची, हॉटेलाची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्याच्या कानाची ही हकिकत आहे त्याने ती वाचून होकार दिला आणि एक दुरुस्तीही सुचवली. ती तिच्या जागी आली आहे.

पार्श्वभूमी

जानेवारी महिना, जत्रांचा मोसम. नाट्यगीतं आणि अभंग सादर करणारा अकरा जणांचा संच आमच्याकडे होता. सहा दिवसांत पाच प्रयोग ठरले होते. पेडणे, डिचोली, मग एक दिवस मोकळा, मग काणकोण, सत्तरी आणि शेवटी फोंड्याच्या सभागृहात. तिथून चोर्ला घाटाने बेळगाव आणि पुढे कोल्हापूर.

गोवा लहान आहे असं बाहेरचे लोक म्हणतात. पेडण्याहून काणकोण शंभरेक किलोमीटर, हे खरंच. पण प्रयोग संपल्यावर केबल गुंडाळून, स्पीकर उतरवून टेम्पो भरेपर्यंत रात्रीचा एक वाजतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुढच्या गावात माल उतरवायचा असतो. मधल्या वेळात झोप, जेवण, अंघोळ आणि प्रवास. झोपेला उरतं ते चार-पाच तास, तेही कुठल्या तरी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, सतरंजीवर.

पैसे नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, मिळतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही तर काही नाही. ही पद्धत नाटकवाल्यांकडून आमच्याकडे आली आणि तशीच राहिली. पुढे जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या एका गोष्टीत आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

मिक्सरवर बसणारा आमचा इंजिनियर तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या कानावर माझा माझ्या कानापेक्षा जास्त विश्वास होता. पेडण्याचंच सांगतो. देवळाच्या चौकात स्टेजसमोर पंचवीस मीटरवर अग्रशाळेची चिऱ्याची भिंत. स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून परत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, म्हणजे तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. त्याने एकदा टाळी वाजवली, भिंतीकडे बघितलं आणि स्पीकर चार अंश खाली झुकवायला सांगितले, म्हणजे आवाज माणसांवर पडेल, भिंतीवर नाही. मग मुख्य गायक असलेल्या बुवांच्या आवाजात चार किलोहर्ट्झला, म्हणजे आवाज टोचतो त्या वरच्या पट्टीत, दोन डेसिबलचा कट दिला. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना शब्द कळत होते आणि पुढच्या रांगेत कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. ते सेटिंग त्याने मिक्सरमध्ये 'पेडणे' नावाने सेव्ह केलं. अशा सेव्ह केलेल्या सेटिंगला आम्ही सीन म्हणतो.

इकडचा श्रोता साधा नाही. ज्या मातीतून दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, जितेंद्र अभिषेकी आले, तिथे जत्रेला बसलेल्या आजीलाही पेटी कुठे लागली आणि कुठे टोचली ते कळतं.

अडचण कशी उभी राहिली

तिसरा दिवस मोकळा होता. दक्षिण गोव्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लग्न होतं, बाहेरच्या राज्यातलं. तिथल्या साउंडवाल्याचा माणूस आयत्या वेळी आजारी पडला आणि त्याने मला फोन केला. मी आमच्या इंजिनियरला विचारलं. त्याने विचार न करता होकार दिला, कारण ती नाइट जत्रेच्या नाइटच्या अडीचपट होती. ते काम मीच त्याला दिलं, हे इथे स्पष्ट लिहितो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाहीत. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण लग्न त्यात बसत नाही. म्हणून दहाला लॉनवरचं संगीत थांबलं आणि डीजे बंद हॉलमध्ये गेला. हॉलचं छत बुटकं, भिंती काचेच्या. आमचा इंजिनियर डीजेच्या शेजारी, सबपासून (खर्जाच्या मोठ्या स्पीकरपासून) दोन मीटरवर रात्री दोनपर्यंत उभा होता. फोनवरचं मीटर १०१ दाखवत होतं असं तो सांगतो. फोनवरचे आकडे अचूक नसतात, पण हिशोबाला पुरेसे असतात. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. तो तिथे चार तास होता. कानात काही घातलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो काणकोणला पोचला. टेम्पोत तीन तास झोपला होता. संध्याकाळी पाचला लाइन चेक, म्हणजे एकेक माइक तपासणं, सुरू झालं. जनरेटर मिक्सरच्या मागे अगदी जवळ लावलेला, म्हणून त्याने हेडफोनचा आवाज वाढवला. व्हायोलिनला छोटा कंडेन्सर माइक असतो, त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा जातो. केबल खरखर करत होती. स्टेजवरच्या हेल्परने ती उपसली आणि दुसरी खोचली. अशा वेळी फँटम चालू असेल तर मोठा फटका येतो. चॅनेल म्यूट (बंद) नव्हता, फँटम चालू होता आणि नेमका तोच चॅनेल हेडफोनवर ऐकला जात होता.

मी दहा पावलांवर होतो. हेडफोन त्याच्या डोक्यावर असूनही मला फट् असा आवाज ऐकू आला. त्याने दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढला आणि थोडा वेळ डोळे मिटून बसून राहिला. मग म्हणाला, "काही नाही दादा. चला, तबला द्या."

त्याची दुरुस्ती इथे येते. या हकिकतीच्या पहिल्या मसुद्यात मी सगळा दोष त्या फटक्यावर टाकला होता. त्याने सांगितलं, "दादा, शिट्टी आधीच होती. लग्नातून बाहेर पडलो तेव्हाच डाव्या कानात सुरू झाली होती. मी बोललो नाही."

काणकोणची रात्र

कार्यक्रम सहाला सुरू झाला. दुसऱ्या अभंगानंतर देवस्थानचे एक महाजन मिक्सरपाशी आले आणि म्हणाले, "बाब, आवाज मातसो कमी करात." त्याने मास्टर थोडा खाली घेतला. दहा मिनिटांत ते परत आले. आवाज मोठा नव्हताच, टोकदार होता. पण हे सामान्य श्रोत्याला शब्दांत सांगता येत नाही. तो 'कमी करा' एवढंच म्हणतो.

मध्यंतरात पेटीवाले काका खाली उतरले. चाळीस वर्षं साथ करणारा माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आज पेटी टोचतेय. माझीच पेटी मला टोचतेय. त्याला काय झालंय?"

मी मिक्सरवर गेलो आणि 'पेडणे' सीन शेजारी उघडून बघितला. बुवांच्या चॅनेलवर चार किलोहर्ट्झला जिथे दोन डेसिबलचा कट होता तिथे साडेपाचचा बूस्ट होता. म्हणजे साडेसात डेसिबलचा फरक. सहा डेसिबलला ध्वनिदाब दुप्पट होतो, यावरून अंदाज करावा. पेटी, व्हायोलिन, टाळ, सगळीकडे तेच. जे त्याला ऐकू येत नव्हतं ते तो वाढवत गेला होता. आणि मी शेजारी उभा असताना तो मान वळवून उजवा कान स्पीकरकडे करत होता, बंद दाराला कान लावून ऐकावं तसा.

मी जुना सीन लावला. उरलेला कार्यक्रम नीट झाला. भैरवी पावणेदहाला संपली.

रात्री जेवताना त्याने सांगितलं की डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतंय आणि बारीक शिट्टी वाजतेय. सकाळपर्यंत जाईल, असंही तोच म्हणाला. मी मान डोलावली. आम्हा सगळ्यांना हे कधी ना कधी झालेलं आहे आणि दर वेळी एक-दोन दिवसांत गेलेलं आहे. त्या अनुभवानेच आम्हाला फसवलं. अग्रशाळेत कुणीतरी खोबरेल तेल कोमट करून दिलं, ते त्याने कानात घातलं.

पाचव्या दिवशी सकाळी समोर असलेले पर्याय

शिट्टी गेली नव्हती. डाव्या कानाला फोन लावला तर पलीकडचा माणूस लांबून बोलतोय असं वाटत होतं. संध्याकाळी सत्तरीत प्रयोग होता.

पहिला पर्याय, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं आणि मिक्सरवर मी बसायचं. माझं वय बावन्न. वरच्या पट्टीतलं मला पूर्वीसारखं ऐकू येत नाही हे मला माहीत आहे आणि या संचाबरोबर मी कधी मिक्स केलेलं नव्हतं. दुसरा पर्याय, मडगावचा ओळखीचा एक इंजिनियर बोलवायचा. तो मोकळा होता, पण बुवांना अनोळखी माणूस आवडत नाही आणि त्याची नाइट आयोजकांकडून वाढवून मिळणार नव्हती. तिसरा पर्याय, सगळे सीन लॉक करून त्यालाच बसवायचं, हेडफोन काढून घ्यायचा आणि मी श्रोत्यांत बसून त्याला खुणेने सांगायचं. प्रयोग रद्द करायचा पर्याय कुणी उच्चारलाही नाही. जत्रेचा कार्यक्रम रद्द होत नसतो, पालखीची वेळ ठरलेली असते.

मी तिसरा निवडला. आज त्यामागची कारणं प्रामाणिकपणे मांडतो. तो स्वतः "मी करतो" म्हणत होता. त्याच्या डोक्यात नाइट होती, शिवाय कोल्हापूरपर्यंतचा दौरा हातचा जाईल ही भीती. माझ्या डोक्यात खर्च होता आणि बुवांना काय सांगायचं हा प्रश्न. कानाचा विचार आम्ही दोघांनीही कामाच्या बाजूनेच केला, की आज मिक्स नीट होईल का? कानाला काय झालंय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

सगळ्यात बोचतं ते हे. काणकोणहून सत्तरीला जाताना आमचा टेम्पो साडेदहाला मडगावातून गेला. तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, त्या वेळी ओपीडी उघड्या असतात. आम्ही चहाला थांबलो. वीस मिनिटं थांबलो आणि निघालो.

सत्तरीचा प्रयोग पार पडला. मी तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसून हात वर-खाली करत होतो, तो फेडर हलवत होता. लोकांना काही कळलं नाही. पण एक चांगला इंजिनियर माझ्या हाताकडे बघून काम करतोय, हे बघवत नव्हतं. शेवटच्या अभंगाला टाळकऱ्यांनी जोर धरला तेव्हा त्याने डाव्या कानावर तळहात दाबून धरला आणि तसाच एका हाताने काम करत राहिला. तेव्हा मी उठलो आणि उरलेली दहा मिनिटं मिक्सरवर मी बसलो. ते मी सकाळीच करायला हवं होतं.

तपासणी

सहाव्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पणजीत तज्ज्ञांकडे होतो. हेडफोनमधल्या फटक्याला तोवर ४१ तास झाले होते.

डॉक्टरांनी आधी कानात बघितलं. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. तेल घातल्याबद्दल ते रागावले, कारण पडदा फाटलेला असता तर ते तेल आत गेलं असतं. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क कोपरावर आपटून त्याची दांडी याच्या कपाळाच्या मधोमध टेकवली.

"आवाज कुठे येतो? मध्ये, डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे."

त्याला वाटलं आपण काहीतरी चांगलं उत्तर दिलं. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर कपाळावरचा आवाज बंद कानात जास्त घुमतो. तो चांगल्या कानाकडे गेला, याचा अर्थ अडथळा बाहेर नाही, आतल्या कानात आहे. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

नंतर बाहेरचा आवाज येत नाही अशा खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. आयुष्यभर दुसऱ्याला हेडफोन कसा लावायचा ते शिकवत आलेला मुलगा हातात बटण घेऊन बसला होता. तपासणीचा आवाज ऐकू आला की दाबायचं. काचेतून मला दिसत होतं, बराच वेळ त्याचा अंगठा हलत नव्हता. उजवा कान ठीक निघाला. डाव्या कानाची रेघ दोन किलोहर्ट्झपर्यंत सरळ, मग खाली कोसळलेली. तीनला ४० डेसिबलची घट, चारला ५५, सहाला ५० आणि आठला पुन्हा थोडी वर. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेचा हा ओळखीचा आकार आहे, खड्डा चारच्या आसपास पडतो. बुवांच्या आवाजात त्याने साडेपाच डेसिबल वाढवले होते ते नेमके तिथेच.

लग्न, हेडफोनचा फटका, अपुरी झोप, यातल्या कशाने किती, हे सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्तातली साखर बघून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. "अचानक ऐकू येणं कमी झालं आणि मळ नाही, सर्दी नाही, तर तो दिवस वाया घालवायचा नसतो. औषधाचा उपयोग व्हायचा तर सुरुवातीच्या दिवसांत. दोन आठवडे उलटले की फारसं हाती राहत नाही. काल का नाही आलात?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणीच दिलं नाही.

फोंड्याचा प्रयोग

मी मडगावच्या इंजिनियरला फोन केला आणि मग बुवांकडे गेलो. इतके दिवस ज्या संभाषणाची मला धास्ती होती ते चार मिनिटांत संपलं. बुवा म्हणाले, "आम्हाला घसा बसला तर तुम्ही प्रयोग पुढे ढकलता ना? मग याला कान बसला तर मला सांगायला दोन दिवस का लावलेत?" मग त्यांनीच सुचवलं की सभागृह बंदिस्त आहे, ऑर्गनला माइक नको, पखवाजालाही नको, मॉनिटर निम्मे करा. नव्या माणसाला अठरा चॅनेलऐवजी अकराच सांभाळावे लागले. 'पेडणे' सीनपासून त्याने सुरुवात केली. ऑर्गनचा मूळ आवाज बऱ्याच वर्षांनी सभागृहात माइकशिवाय ऐकला. छान वाटला.

आमचा इंजिनियर त्या रात्री घरी होता. बेळगाव आणि कोल्हापूरलाही तो आला नाही.

पुढे काय झालं

त्या तीन प्रयोगांची मी त्याला अर्धी नाइट दिली. तेव्हा मला ते उदार वाटलं होतं. आता चूक वाटते. इजा कामावर झाली होती, पूर्ण द्यायला हवी होती. उरलेली अर्धी मी शिगम्याच्या आधी दिली.

तीन आठवड्यांनी दुसरी ऑडिओमेट्री झाली. चार किलोहर्ट्झवरचा आकडा ५५ वरून ३५ वर आला. तीन महिन्यांनी ३० झाला आणि तिथेच थांबला. सहावर अजून खड्डा आहे. शिट्टी दिवसा कळत नाही, रात्री पंखा बंद केला की ऐकू येते. पहिल्या दिवशी गेलो असतो तर जास्त परत आलं असतं का, हे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगणार नाही. पण तो दिवस आम्ही घालवला, हे मात्र खात्रीचं आहे.

तो मे महिन्यात मिक्सरवर परतला. कानाच्या साच्यावरून करून घेतलेले फिल्टरचे प्लग घालतो, त्याने आवाज पंधरा डेसिबल कमी होतो पण शब्द फुटत नाहीत. चारच्या आसपास काही बदल करायचा असेल तर आधी ग्राफ बघतो, मग दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. काम अजूनही उत्तम करतो.

आज तेच करायचं झालं तर

लग्नाचं काम मी घेतलंच नसतं. दौऱ्यातला मोकळा दिवस कानांच्या विश्रांतीचा असतो हे मला त्या वर्षी कळलं. आता करारातच लिहितो की दोन प्रयोगांमधला दिवस माझ्या माणसाला दुसरीकडे काम नाही, आणि त्या दिवसाचे काही पैसे मी देतो. ते परवडत नाही, तरी देतो.

केबल उपसण्याआधी स्टेजवरून हात वर करायचा आणि मिक्सरवरून 'म्यूट' असं उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. फँटम बंद केल्यावर दहा सेकंद थांबायचं. हेडफोनच्या आउटपुटला लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, लावलेला आहे. हेल्परला मी त्या रात्री खूप बोललो होतो. नंतर लक्षात आलं की त्याला हे कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. तोही दोन रात्री जागा होता. मी त्याची माफी मागितली.

मिक्सरची जागा आता स्थळ बघायला जातो तेव्हाच महाजनांशी बोलून ठरवतो आणि जनरेटर देवळाच्या पाठीमागे. केबल लांब लागते, पण हेडफोन वाढवावा लागत नाही.

कान बसल्याची तक्रार करणाऱ्याची नाइट कापायची नाही, हाही नियम केला आहे. तो केल्यापासून आठ महिन्यांत दोघांनी येऊन सांगितलं. एकाला मळ होता. दुसऱ्याला खरंच आवाजाची इजा होती, पण तो चोवीस तासांच्या आत डॉक्टरकडे पोचला आणि त्याचं ऐकणं पूर्ण परत आलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शिगम्याच्या दिवसांत सगळ्या गोव्यात इंजिनियर मोकळा मिळत नाही, आणि त्या वेळी कुणाचा कान बसला तर मिक्सरवर कोण बसणार याचं उत्तर माझ्याकडे नाही. सध्या त्या हेल्परलाच शिकवतो आहोत. शिकवतो आमचा इंजिनियर. पहिला धडा म्हणून त्याने 'पेडणे' आणि 'काणकोण' हे दोन सीन पाठोपाठ लावून ऐकवले.